काळ्या दगडातले डावखुरे इलेक्ट्रॉन

वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात गिरडची टेकडी आहे. वर शेख फरीदबाबांचा दर्गा, आणि टेकडीवर जागोजागी सापडणारे लहान गोल गोटे. फकिराची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा सगळा माल बाबांनी दगड करून टाकला, अशी त्या गोट्यांची आख्यायिका. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरनेही ती नोंदवून ठेवली आहे. भूवैज्ञानिकांच्या लेखी हे झिओलाइट जातीच्या खनिजांचे गोटे. लाव्हा निवताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पुढे त्या पोकळ्यांतून खनिजं विरघळलेलं पाणी झिरपलं, आणि खनिजं तिथेच स्फटिक होऊन बसली.

गोटे देखणे आहेत. पण या लेखाचा विषय आहे तो त्यांना पोटात ठेवणारा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट. विहिरीच्या बांधकामात, घराच्या पायात, रस्त्याच्या गिट्टीत तोच असतो, आणि तोच झिजून कपाशीची काळी माती झाली. त्याच्याकडे कुणी दुसऱ्यांदा पाहत नाही. तरी विसाव्या शतकातल्या भौतिकशास्त्राला सर्वांत मोठा धक्का ज्या बलानं दिला, ते बल या दगडात आत्ता, या क्षणी काम करत आहे. त्याचं नाव क्षीण बल.

कापूस पिकवणाऱ्याला पोटॅशची ओळख करून द्यायला नको. १०:२६:२६ च्या पोत्यावरचा शेवटचा आकडा पोटॅशचा. पोटॅश म्हणजे पोटॅशियमची संयुगं, आणि निसर्गातल्या कुठल्याही पोटॅशियममध्ये दर दहा हजार अणूंमागे एखादा अणू वेगळा असतो. त्याच्या केंद्रात १९ प्रोटॉन आणि २१ न्यूट्रॉन असतात. हा पोटॅशियम-४०. तो किरणोत्सारी आहे. एक ग्रॅम साध्या पोटॅशियममध्ये दर सेकंदाला असे सुमारे ३१ अणू मोडतात. म्युरेट ऑफ पोटॅशच्या ५० किलोच्या पोत्यात जवळपास २५ किलो पोटॅशियम असतं, म्हणजे त्या एका पोत्यात सेकंदाला पावणेआठ लाखांच्या आसपास अणुकेंद्रं बदलतात. घाबरण्याचं काही कारण नाही. आपल्या शरीरातही पोटॅशियम असतंच, आणि त्यामुळे प्रौढ माणसाच्या अंगात सेकंदाला चार हजारांहून अधिक अशा घटना जन्मभर चालू असतात.

दख्खनच्या बेसाल्टमध्ये पोटॅशियम कमीच. किलोभर दगडात तीन ग्रॅम धरलं, तर सेकंदाला नव्वदएक अणू मोडतील. शंभरातले ८९ अणू एका वाटेनं जातात: केंद्रातल्या एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, एक इलेक्ट्रॉन आणि एक प्रतिन्यूट्रिनो बाहेर फेकला जातो, आणि पोटॅशियमचं कॅल्शियम होतं. उरलेले जवळपास ११ उलट्या वाटेनं जातात. केंद्रातला एक प्रोटॉन भोवती फिरणारा इलेक्ट्रॉन गिळतो, न्यूट्रॉन होतो, एक न्यूट्रिनो निसटतो आणि उरतं ते आर्गॉन. दोन्ही वाटा क्षीण बलाच्याच. एका कणाची जात बदलून दुसऱ्या जातीचा कण करणं हे काम गुरुत्वाकर्षणाला जमत नाही, विजेला आणि चुंबकाला जमत नाही, केंद्र घट्ट बांधून ठेवणाऱ्या प्रबळ बलालाही जमत नाही. ते फक्त क्षीण बलच करतं.

यातला आर्गॉन आपण प्रत्येक श्वासाबरोबर आत घेतो. हवेत तो सुमारे ०.९३ टक्के आहे, आणि त्यातला ९९ टक्क्यांहून अधिक भाग आर्गॉन-४० आहे. कार्ल फ्रीडरिश फॉन वाइझसेकर यांनी १९३७ मध्ये तर्क मांडला, की हा सगळा आर्गॉन पृथ्वीच्या खडकांतल्या पोटॅशियमपासून आला असला पाहिजे. १९४८ मध्ये ऑल्ड्रिच आणि नीर यांनी पोटॅशियमयुक्त जुन्या खनिजांत कोंडलेला आर्गॉन-४० मोजून तो खरा ठरवला. एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये आर्गॉन वेल्डिंगचं नळकांडं उभं असतं, त्यातला वायू हवेतूनच वेगळा काढलेला असतो. म्हणजे तोही मुळात या क्षीण बलाचीच कमाई.

आता सममितीकडे येऊ. भौतिकशास्त्रात सममिती म्हणजे सौंदर्याचा प्रश्न नव्हे. एखादी गोष्ट बदलूनही नियम बदलत नाहीत, एवढाच तिचा अर्थ. प्रयोगाचं टेबल पूर्वेकडे तोंड करून ठेवा की उत्तरेकडे, निसर्गाचे नियम तेच राहतात. ही फिरवण्याची सममिती. एमी नोदर या जर्मन गणितीनं १९१८ मध्ये सिद्ध केलं, की अशा प्रत्येक अखंड सममितीमागे निसर्गात एक जपली जाणारी राशी असते. फिरवण्याच्या सममितीमागे आहे कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा साठा. तो नाहीसा होत नाही, आणि नव्यानं उत्पन्नही होत नाही.

पोटॅशियम-४० चं अर्धायुष्य १२५ कोटी वर्षं आहे. त्याचाच भाऊ पोटॅशियम-४२, ज्याच्यात फक्त दोन न्यूट्रॉन जास्त, साडेबारा तासांत निम्मा होतो. बल तेच, मूलद्रव्य तेच, मग एवढी तफावत का? उत्तराचा मोठा भाग नोदरच्या नियमात आहे. पोटॅशियम-४० च्या केंद्रात १९ प्रोटॉन, म्हणजे एक बिनजोडीचा, आणि २१ न्यूट्रॉन, त्यातही एक बिनजोडीचा. या दोन एकट्यांची फिरकी आणि भ्रमण मिळून केंद्राचा कोनीय संवेग ४ एकक होतो. ज्या कॅल्शियम-४० मध्ये त्याला रूपांतरित व्हायचं आहे, त्याचा कोनीय संवेग शून्य. मग हे ४ एकक कुणाला तरी बाहेर न्यावे लागणार. बाहेर पडणारे दोनच कण: इलेक्ट्रॉन आणि प्रतिन्यूट्रिनो. दोघांची स्वतःची फिरकी अर्ध्या-अर्ध्या एककाची, मिळून जास्तीत जास्त एक. उरलेले तीन एकक त्यांना केंद्राभोवतीच्या आपल्या गतीतून न्यावे लागतात. केंद्र इतकं लहान आणि उपलब्ध ऊर्जा इतकी थोडी, की असा एकेक एकक बाहेर नेण्याची शक्यता दर एककामागे हजार पट किंवा त्याहूनही जास्त घसरते. शास्त्रज्ञ अशा संक्रमणाला निषिद्ध म्हणतात. निषिद्ध म्हणजे अशक्य नव्हे, अतिशय दुर्मीळ. पोटॅशियम-४२ ला चारऐवजी दोनच एकक न्यायचे असतात आणि ऊर्जाही कितीतरी अधिक मिळते, म्हणून तो अर्ध्या दिवसात निम्मा होतो.

मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. सममितीचा नियम पाळावा लागतो म्हणून पोटॅशियम-४० इतका सावकाश मोडतो, आणि इतका सावकाश मोडतो म्हणूनच पृथ्वीच्या जन्मापासून आजवर तो शिल्लक राहिला. तो साडेबारा तासांत निम्मा होणारा असता, तर आज दगडात त्याचा एकही अणू नसता, आणि हवेत आर्गॉनही जवळपास नसता.

फिरवण्याची सममिती क्षीण बल निमूटपणे पाळतं. आरशाची सममिती मात्र ते पाळत नाही.

आरशाची सममिती म्हणजे अशी अपेक्षा: एखाद्या प्रयोगाची आरशातली प्रतिमाही निसर्गात घडू शकणारा प्रयोगच असली पाहिजे. डावं-उजवं हा माणसानं ठरवलेला भेद आहे, निसर्गाला त्याची फिकीर का असावी? गांधीजींनी १९०९ मध्ये ‘किल्डोनन कॅसल’ जहाजावर ‘हिंद स्वराज्य’ लिहिलं, तेव्हा उजवा हात दमल्यावर त्यांनी डाव्या हातानं लिहायला घेतलं. २७५ पानांतली ४० पानं डाव्या हाताची आहेत, आणि मजकुरात त्यानं काही फरक पडत नाही. निसर्गही असाच दोन्ही हातांनी सारखंच लिहितो, असं १९५६ पर्यंत जवळजवळ प्रत्येक भौतिकशास्त्रज्ञ धरून चालत होता. गुरुत्वाकर्षण, विद्युतचुंबकीय बल आणि प्रबळ बल खरंच तसं लिहितात.

शंका आली ती के-मेसॉन या अल्पायुषी कणामुळे. तो कधी दोन पायॉनमध्ये मोडे, कधी तीनमध्ये, आणि आरशाच्या नियमाप्रमाणे एकाच कणाला हे दोन्ही शक्य नव्हतं. त्या वर्षांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही वैश्विक किरणांतले असे जड मेसॉन शोधण्याचं काम चालू होतं. बर्नार्ड पीटर्स यांच्याभोवती जमलेला तरुणांचा गट फोटोग्राफिक इमल्शनमध्ये त्यांच्या रेषा तपासत असे. संस्था तेव्हा गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती. त्सुंग-दाओ ली आणि चेन निंग यांग यांनी १९५६ मध्ये तोवरचे सगळे प्रयोग चाळले, आणि त्यांच्या ध्यानात आलं, की क्षीण बल आरशाची सममिती पाळतं की नाही, हे कुणी तपासलेलंच नाही. सगळे फक्त मानत आले होते.

ते तपासलं चिएन-शिउंग वू यांनी. त्यांनी निवडला कोबाल्ट-६०, तोच कोबाल्ट ज्याच्या गॅमा किरणांनी भारतातल्या रुग्णालयांत अनेक दशकं कर्करोगावर उपचार झाले. वॉशिंग्टनमधल्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सच्या प्रयोगशाळेत कोबाल्टची अणुकेंद्रं निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या शंभराव्या भागाएवढ्या तपमानाला थंड केली गेली, म्हणजे उष्णतेची धडपड थांबावी. चुंबकीय क्षेत्र लावून सगळ्यांची फिरकी एकाच दिशेला वळवली. मग पाहायचं एवढंच, की इलेक्ट्रॉन फिरकीच्या अक्षाच्या वरच्या बाजूनं जास्त येतात की खालच्या. आरसा उभा धरला, तर प्रतिमेत फिरकी उलटी होते, पण वर ते वर आणि खाली ते खाली राहतं. म्हणून आरशाची सममिती खरी असेल, तर दोन्ही बाजूंनी सारखेच इलेक्ट्रॉन यायला हवेत. ते तसे आले नाहीत. फिरकीच्या उलट दिशेला स्पष्टपणे जास्त आले. १९५७ च्या जानेवारीत निकाल जाहीर झाला. त्याच महिन्यात भौतिकशास्त्रज्ञ वुल्फगांग पाउली यांनी आपले सहकारी व्हायस्कोप्फ यांना पत्र लिहून, देव डावखुरा असेल यावर आपला विश्वास नाही आणि प्रयोग सममितच निघेल यावर मोठी पैज लावायला आपण तयार आहोत, असं कळवलं होतं. पत्र लिहिलं तेव्हाच ती पैज हरलेली होती. ली आणि यांग यांना त्याच वर्षीचं नोबेल मिळालं. वू यांना मिळालं नाही, हा त्या समितीच्या निर्णयांतला मला न पटणारा निर्णय आहे. प्रश्न विचारण्याइतकंच त्याचं उत्तर मिळवणंही अवघड होतं.

डावखुरा कण म्हणजे काय, हे नेमकं सांगायला हवं. डाव्या हाताची बोटं कणाच्या फिरकीच्या दिशेनं वळवा. अंगठा कणाच्या धावण्याच्या दिशेला आला, तर कण डावखुरा. हे सगळं एका नियमात बांधण्याचं काम टाटा संस्थेतून अमेरिकेतल्या रॉचेस्टरला गेलेल्या ई. सी. जॉर्ज सुदर्शन यांनी, आपले मार्गदर्शक रॉबर्ट मार्शाक यांच्याबरोबर १९५७ मध्ये केलं. त्यांचं म्हणणं असं, की क्षीण बल कणांच्या फक्त डाव्या रूपाला आणि प्रतिकणांच्या फक्त उजव्या रूपाला स्पर्श करतं. तेव्हा चार प्रयोगांचे निकाल या नियमाच्या विरुद्ध होते. सुदर्शन आणि मार्शाक यांनी, ते प्रयोगच पुन्हा करून पाहायला हवेत, असं धिटाईनं लिहिलं. प्रयोग पुन्हा झाले आणि नियम टिकला. फाइनमन आणि गेल-मान यांनी मांडलेला तोच सिद्धांत पुढे जास्त गाजला, तरी सुदर्शन-मार्शाक आधीचे, हे इतिहासात नोंदलेलं आहे.

१९५८ मध्ये ब्रुकहेवन प्रयोगशाळेत मॉरिस गोल्डहाबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूट्रिनोचाच हात पकडला. त्यांनी वापरलेला युरोपियम इलेक्ट्रॉन गिळून न्यूट्रिनो सोडणारा होता, म्हणजे आपल्या पोटॅशियमच्या दुसऱ्या वाटेनं जाणारा. त्यातून निघालेले न्यूट्रिनो डावखुरे निघाले. काळ्या दगडातल्या आर्गॉनच्या जन्माबरोबर निसटणारा न्यूट्रिनोही म्हणून डावखुरा, आणि कॅल्शियमच्या जन्माबरोबरचा प्रतिन्यूट्रिनो उजवा. इलेक्ट्रॉनला वस्तुमान असल्यामुळे त्याचा डावेपणा पूर्ण नसतो. तो जितका प्रकाशाच्या वेगाजवळ जाईल तितका पक्का होतो. पोटॅशियम-४० चा सरासरी ऊर्जेचा इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे ८८ टक्के वेगानं निघतो, म्हणजे अशा शंभर इलेक्ट्रॉनमधले नव्वदहून अधिक डावखुरे असतात.

क्षीण बल इतकं क्षीण का, याचं उत्तर त्याच्या दूतात आहे. ते पोचवणारा डब्ल्यू कण प्रोटॉनच्या सुमारे ८५ पट जड आहे, म्हणून त्याचा पल्ला प्रोटॉनच्या आकाराच्याही कितीतरी आत संपतो. १९८३ मध्ये सर्न प्रयोगशाळेत तो प्रत्यक्ष सापडला. त्याचा डावखुरेपणा पुढे अवजारासारखा वापरला गेला, आणि त्यात पुण्याच्या रोहिणी गोडबोले (१९५२–२०२४) यांचं काम महत्त्वाचं आहे. टॉप क्वार्क हा मूलकण इतक्या लवकर मोडतो, की त्याची फिरकी विसरायला त्याला वेळच मिळत नाही. तो डब्ल्यूमार्फत मोडतो, आणि डब्ल्यू डावखुरा, म्हणून निघणाऱ्या लेप्टॉनच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनसारख्या कणाच्या, दिशेवरून टॉप कोणत्या हाताचा होता हे ओळखता येतं. गोडबोले, सौरभ रिंदाणी आणि रितेश सिंह यांनी २००६ मध्ये दाखवलं, की टॉपच्या मोडण्याच्या पद्धतीत थोडा नवा, अनोळखी भाग मिसळलेला असला, तरी लेप्टॉनची ही दिशा फसवत नाही. सर्नच्या लार्ज हेड्रॉन कोलायडरमधून नव्या भौतिकाचा माग काढणाऱ्यांना अशी न फसवणारी खूणच हवी असते.

डावं-उजवं बदलून, सोबत कणाच्या जागी प्रतिकण ठेवला तर तरी सममिती राहील, ही आशाही १९६४ मध्ये के-मेसॉननंच मोडली. बी-मेसॉनमध्ये तो भंग मोठा दिसला, आणि त्यावर काम करणाऱ्या जपानमधल्या बेल प्रयोगात टाटा संस्था सहभागी होती. पुढच्या बेल-२ च्या संसूचकाचा एक थर टाटा संस्थेतल्या मंडळींनी जुळवला. विश्वात प्रतिद्रव्यापेक्षा द्रव्य जास्त का उरलं, याचा धागा इथून जातो. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय.

दगडाकडे वळू. लाव्हा वितळलेला असताना त्यातला आर्गॉन निघून जातो आणि खडक घट्ट झाला की नवा आर्गॉन आत कोंडला जातो. म्हणून खडकात किती पोटॅशियम आणि किती आर्गॉन-४० आहे हे मोजलं, की लाव्हा निवला तो काळ कळतो. गेल्या ६ कोटी ६० लाख वर्षांत दर हजार पोटॅशियम-४० अणूंमागे सुमारे ३६ मोडले, आणि त्यांतले चारच्या आसपास आर्गॉन झाले. एवढी थोडी मात्रा अचूक मोजायची, तर दगडाचा नमुना आधी अणुभट्टीत ठेवून त्यातल्या साध्या पोटॅशियम-३९ पैकी काहीचा आर्गॉन-३९ करतात. मग नमुना टप्प्याटप्प्यानं तापवून निघणाऱ्या वायूतल्या दोन आर्गॉनचं प्रमाण एकाच यंत्रात पाहतात. आयआयटी मुंबईत यासाठी राष्ट्रीय सुविधा आहे, आणि तिथले नमुने तुर्भ्याच्या ‘ध्रुव’ अणुभट्टीत ठेवले गेले आहेत. त्याआधी अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतल्या वेंकटेशन आणि कांचन पांडे यांनी गोपालन यांच्यासह १९९३ मध्ये प्रश्न उभा केला होता, की दख्खनचे लाव्हा डायनोसॉर नाहीसे होण्याच्या आधीचे तर नव्हेत? हा प्रश्न विदर्भाच्या जवळचा आहे. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला या लाव्हांच्या खालच्या थरांत डायनोसॉरची हाडं सापडतात.

या प्रश्नाला भिडायचं, तर घड्याळ फार नेमकं हवं. दख्खनच्या लाव्हांचा मुख्य ओघ १० लाख वर्षांहून कमी काळात वाहून गेला, असं आजची मापनं सांगतात. ६ कोटी ६० लाखांत एका टक्क्याची चूक म्हणजे साडेसहा लाख वर्षं. तेवढ्या चुकीत लाव्हा आधी की डायनोसॉरचा अंत आधी, हे ठरवता येत नाही.

आणि इथे पुन्हा तो कोनीय संवेगाचा नियम आडवा येतो. पोटॅशियम-४० इलेक्ट्रॉन गिळतो तेव्हा आर्गॉनच्या केंद्राची उत्तेजित अवस्था तयार होते, तिचा कोनीय संवेग २. म्हणजे न्यूट्रिनोला दोनच एकक न्यायचे असतात. नंतर ते केंद्र १.४६ एमईव्ही ऊर्जेचा गॅमा किरण सोडून शांत होतं. पण एक तिसरी, फार अरुंद वाटही असली पाहिजे: थेट शांत आर्गॉन, कोनीय संवेग शून्य, चार एककांचा सगळा भार न्यूट्रिनोवर. या वाटेत गॅमा किरण निघत नाही, म्हणून ती कुणाला दिसत नव्हती. किती टक्के पोटॅशियम तिनं जातं याचे अंदाज वेगवेगळे होते, आणि काही भूवैज्ञानिक ती धरतच नसत. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेत एका आंतरराष्ट्रीय गटानं, इलेक्ट्रॉन गिळल्यावर निघणारा क्षीण क्ष-किरण पकडून आणि त्याच्या जोडीला गॅमा आला की नाही हे चहूबाजूंनी पाहून, ही वाट मोजली. २०२३ मध्ये आकडा प्रसिद्ध झाला: हजारातला सुमारे एक क्षय तिनं होतो. प्रचलित अंदाजाच्या जवळपास निम्मा.

हजारातला एक म्हणजे नगण्य वाटतो. पण आर्गॉनकडे जाणारे अणूच मुळात हजारातले १०७ आहेत, त्यात एकाची भर म्हणजे जवळपास एक टक्का, आणि दख्खनच्या वयात तो एक टक्का म्हणजे सहा लाख वर्षं. म्हणूनच आज आर्गॉनचं घड्याळ एकटं वापरत नाहीत. ज्वालामुखीच्या राखेतल्या झिरकॉनमधलं युरेनियम-शिशाचं घड्याळ स्वतंत्र चालतं, त्याच्याशी ते ताडून पाहतात, आणि दोन्ही एकमेकांशी जुळली की मगच लाव्हांच्या थरांवर तारखा लिहितात.